ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे!

परवा द्वारका सर्कलजवळ काकांकडे गेलो, तर ऐन सीझनमध्ये घरात द्राक्षं नाहीत. नाशकात! कारण काय, तर कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट टाळा' असं लिहिलंय. अहो काका, ते मोसंबीच्या कुळातलं, पपनसाचं भावंड!

आतड्यातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम अशा औषधांचा बराच भाग रक्तात जाण्याआधीच मोडतं. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमारिन्स तेच बंद पाडतात. मग एक गोळी जास्त डोससारखी लागते, स्नायूंना इजा होऊ शकते. कॅनडात डेव्हिड बेलींना हे १९८९च्या सुमारास योगायोगानेच सापडलं. प्रयोगात दारूची चव लपवायला त्यांनी हा रस वापरला होता.

गंमत म्हणजे पपनसातही हीच द्रव्यं असतात, आणि गणपतीत काका ते हौसेनं खातात. मराठीत 'पपनस' छापायला कंपन्यांचं काय जातं? पुढच्या गणपतीआधी डॉक्टरांना विचारा म्हटलं. द्राक्षं मात्र लगेच आणून दिली.