दोन एमटेक आणि एक बेअरिंग

इंजिनियरिंगच्या दोन शाखांत एमटेक करावं का, असं हल्ली मला वरचेवर विचारतात. विचारणारे बहुतेक भाचे-पुतणे, नाहीतर त्यांचे आईबाप. आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. फर्मागुडीचं सरकारी कॉलेज १९६७ सालचं. तिथून बीई झालं की घरच्यांना गंगेत घोडं न्हाल्यासारखं वाटे. आता मेकॅनिकलचं एमटेक झालेला मुलगा म्हणतो, "मामा, अजून एक इलेक्ट्रिकलमध्ये करतो. इलेक्ट्रिक गाड्यांचे दिवस आहेत, दोन्ही असलेलं बरं."

माझं मत विचाराल तर कल्पना चांगली आहे, कारणं मात्र बहुधा कच्ची असतात.

चांगली का, ते सांगतो. कारखान्यात मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह बसवली की कधी कधी मोटरचं बेअरिंग लवकर जायला लागतं. मेकॅनिकलवाला वंगण तपासतो, अलाइनमेंट करतो, नवं बेअरिंग घालतो. तेही जातं. इलेक्ट्रिकलवाला म्हणतो, माझं व्होल्टेज ठीक, करंट ठीक, बेअरिंग तुमचं खातं! खरा दोष दोन खात्यांच्या मधोमध बसलेला असतो. ड्राइव्हच्या वेगवान स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं, ते बेअरिंगमधल्या वंगणाचा पातळ थर फोडून निघून जातं, आणि दर ठिणगीला आतल्या कड्यावर बारीक खड्डा पडतो. पुढे तिथे पन्हळी पत्र्यासारख्या रेघा उमटतात. उपाय साधाच, इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंगची रिंग. पण तो सुचायला दोन्हीकडचं कळणारं एक डोकं लागतं. (आमच्या कारखान्यात हे पहिल्यांदा ओळखलं ते एका आयटीआयवाल्या वायरमनने. तो आधी फिटर होता!)

आता अडचण पाहा. दोन एमटेक म्हणजे दोन अधिक दोन, चार वर्षं. दोन्ही विभागांत मुलगा वेगवेगळे पेपर देतो, आणि वरचा प्रश्न त्याला कुठल्याच पेपरात येत नाही. जोडकाम प्रबंधात होतं. दोन्ही विभागांचे मार्गदर्शक मिळाले तर एकाच पदवीत ते साधतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत काही विषय दोन्ही एमएससाठी धरतात, वेळ वाचतो. झुआरीनगरच्या बिट्समधली दुहेरी पदवी पुष्कळांना हीच वाटते, पण तिथे एमएससी आणि बीई अशी जोडी असते. ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेत दुसरं एमएस करणाऱ्या कित्येकांच्या मनात खरं तर व्हिसा असतो. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की १२ महिन्यांची ओपीटी एका पातळीच्या पदवीला एकदाच मिळते. पहिल्या एमएसवर ती पुरती वापरली असेल तर दुसऱ्या एमएसवर पुन्हा नाही. कर्ज मात्र पुन्हा काढावं लागतं, आणि त्याला तारण बापाचं भाट!

मी मुलाला एकच विचारतो, कुठल्या यंत्रासाठी? "मोटर तापते, ती थंड कशी ठेवायची ते शिकायचंय" म्हणाला तर आईबापांना सांगतो, जाऊ द्या. "स्कोप आहे" म्हणाला तर आधी दोन वर्षं नोकरी कर म्हणतो. नोकरी सांभाळून एमटेक करण्याची सोय बिट्ससारख्या संस्थांनी केलेलीच आहे, आणि एव्हाना आपल्याला काय येत नाही हे त्याला मशीनवरच कळलेलं असतं. तोवर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल सिस्टिम्स आणि इलेक्ट्रिकल मशीन्स हे तीन विषय त्याने एनपीटीईएलवर ऐकावेत. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं तिथे फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी तेवढी भरायची.