रात्री अकरानंतर निघणारी पत्रं

चेन्नईत राहणाऱ्या जुन्या मराठी माणसाला एग्मोर आणि सेंट्रल यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. १९०८ साली सुरू झालेलं एग्मोर हे मीटरगेजचं स्टेशन. तंजावर, तिरुची, मदुराईकडच्या गाड्या इथे यायच्या. मुंबईची गाडी मात्र सेंट्रलहून, ब्रॉडगेजवरून सुटायची. रूळच वेगळे! त्यामुळे तंजावरचं मराठी कुटुंब मुंबईला लग्नाला निघालं की एग्मोरला उतरायचं, ट्रंका-वळकट्या रिक्षात टाकायच्या, दोनेक किलोमीटरवरचं सेंट्रल गाठायचं आणि पुढची गाडी लागेपर्यंत फलाटावर बसून राहायचं. प्रवास एकसलग नसायचा, पण माणसं पोचायची.

आज ज्या सॉफ्टवेअरबद्दल सांगणार आहे, त्याचा कारभार अगदी असाच होता. त्याचं नाव यूयूसीपी, म्हणजे एका युनिक्स संगणकावरून दुसऱ्या युनिक्स संगणकावर फाइलची नक्कल पोचवणारा प्रोग्रॅम. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी तो १९७०च्या दशकात लिहिला आणि १९७९च्या सातव्या युनिक्स आवृत्तीबरोबर तो सगळीकडे गेला. दोन संगणक सतत जोडलेले हवेत, ही अटच त्यात नाही. तुम्ही पत्र लिहायचं, ते रांगेत पडून राहायचं, ठरलेल्या वेळी तुमचा संगणक मोडेमवरून शेजारच्या संगणकाला फोन लावायचा, पत्रं द्यायची, आलेली घ्यायची, फोन ठेवायचा. पत्र पुढच्या गावचं असेल तर तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याला फोन करणार.

तुम्ही म्हणाल, हे आता कशाला? दोन कारणं आहेत. एक, तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर किंवा कारखान्याच्या कोपऱ्यात असं जुनं युनिक्स यंत्र अजून असेल आणि ते पुन्हा बोलतं करायचं असेल. आणि दुसरं, भारतातला ईमेल याच वाटेने आला, आणि त्या वाटेवरचं मोठं जंक्शन आपल्या मुंबईत, जुहूला होतं.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि दिल्लीतला तो विभाग, असे आठ भिडू. सुरुवातीला या जाळ्यावर सेवा एकच, यूयूसीपीवरची मेल. जुहूचं केंद्र आणि पवईची आयआयटी साध्या टेलिफोनवरून एकमेकांना पत्रं देऊ लागली. इथली आयआयटी मद्रासही त्या आठांत होती. १९८९मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या यूयूनेटपर्यंत एक लाइन भाड्याने घेतली गेली. वेग सेकंदाला ९६०० बिट! आज तुम्ही नातवाचा तीन एमबीचा फोटो पाठवता ना, तो त्या लाइनवर एकटा चाळीस मिनिटं खाऊन बसला असता. देशातल्या कितीतरी प्रयोगशाळांची परदेशी पत्रं त्या चिंचोळ्या फटीतून जात होती. त्या केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. एस. रमणी यांना २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. माझ्या मते ते फार उशिरा मिळालं.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. यूयूसीपी बसवणं म्हणजे खरं तर शेजाऱ्याशी करार करणं. फोन कोण करणार, कधी करणार, कुठल्या नावाने दार वाजवणार आणि आत आल्यावर कशाला हात लावायचा, हे दोन्ही घरांनी आधी ठरवायचं. १९८३च्या सुमारास आलेल्या ‘हनी डॅन बर’ या सुधारित आवृत्तीत हा करार मुख्यतः चार फाइलींत लिहिलेला असतो: सिस्टिम्स, डिव्हायसेस, डायलर्स आणि परमिशन्स.

सिस्टिम्समध्ये प्रत्येक शेजाऱ्याची एक ओळ. त्यात क्रमाने त्याचं नाव, फोन करायची वेळ, साधन, वेग, फोन नंबर आणि शेवटी दारावरचा संवाद. वेळेचा रकाना रिकामा खेळ समजू नका. एसटीडीचे दिवस आठवा: रात्री अकरानंतर पाव दर, आणि पिवळ्या बूथसमोर लागलेली रांग. संगणकही त्याच रांगेत असायचा. त्या रकान्यात ‘कोणत्याही दिवशी, २३०० ते ०६००’ असं लिहिलं की दिवसभराची पत्रं साठून रात्री स्वस्तात जायची. मात्र ही नुसती परवानगी झाली. वेळ झाली म्हणून संगणक आपण होऊन उठत नाही, त्यासाठी क्रॉनमध्ये ‘यूयूसिको’ चालवायची ओळ घालावी लागते. बरेच जण इथेच अडतात आणि रात्रभर काहीच घडत नाही.

दारावरचा संवाद हा मला सगळ्यात आवडणारा भाग. ‘समोरून हे ऐकू आलं की आपण हे म्हणायचं’ अशा जोड्या एकापुढे एक लिहायच्या. समोरचा ‘लॉगिन’ म्हणतो, आपण नाव सांगतो. तो ‘पासवर्ड’ म्हणतो, आपण पासवर्ड देतो. गंमत अशी, की जाणकार माणूस पूर्ण शब्द लिहीतच नाही. पहिलं एल गाळून ‘ऑगिन’ची वाट पाहा, असं लिहितो. कारण पहिलं अक्षर कुठे मोठ्या लिपीत येतं, कुठे छोट्या, आणि खरखरीत लाइनवर कधी कधी ते येतच नाही. शेपूट ओळखलं की बास.

डायलर्समध्ये मोडेमला द्यायच्या आज्ञा. परदेशी पुस्तकातून त्या जशाच्या तशा उतरवल्या तर आपल्याकडे काम व्हायचं नाही. पुस्तकात ‘डीटी’, म्हणजे बटणांच्या स्वरांनी नंबर फिरवा. आपली कितीतरी एक्स्चेंज तेव्हा चकतीच्या फोनची, त्यांना ‘डीपी’ लागायचं. शिवाय आपला डायल टोन मोडेमला ओळखू येत नसे. तो ‘टोन नाही’ म्हणून हात वर करायचा. मग आज्ञेत ‘एक्स ३’ घालायचं: टोनची वाट पाहू नकोस, नंबर फिरव, फक्त एंगेज असेल तर सांग.

चौथी फाइल परमिशन्स. इथे घाई करू नका. आलेल्या पाहुण्याला पडवीपर्यंतच येऊ द्यायचं. त्याला वाचता-लिहिता येईल अशी एक सार्वजनिक डिरेक्टरी ठेवतात, ‘यूयूसीपीपब्लिक’. चालवता येईल अशी आज्ञा एकच, ‘आरमेल’. मेल जाते तेव्हा दोन फाइली जातात, एकीत मजकूर आणि दुसरीत ‘हा मजकूर आरमेलच्या हाती द्या’ हा निरोप. त्यामुळे पत्रव्यवहाराला एवढी परवानगी पुरते. सोय म्हणून कुणी सगळ्या आज्ञा खुल्या केल्या, तर त्याने घराची किल्लीच फोनच्या तारेला बांधून ठेवली म्हणायची.

पत्त्याचंही सांगायला हवं. त्या काळी पत्ता म्हणजे वाट असे. प्रत्येक टप्प्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह: मुंबई!मद्रास!जोशी. आधी मुंबईच्या यंत्राकडे, तिथून मद्रासच्या, तिथे जोशी. पुण्याच्या पेठेतला पत्ता सांगतात तसंच, मारुतीच्या देवळावरून डावीकडे, मग हौदाशेजारचा वाडा. मधला टप्पा बंद पडला की पत्र अडकलं, आणि आपल्याला ते कळायलाही दोन दिवस जात. मधल्या टप्प्यावरची माणसं आपल्या फोनबिलावर अनोळखी लोकांची पत्रं पुढे न्यायची, हे मला आजही विशेष वाटतं. जगभरचं ते जाळं बरंचसं अशा उधारीवरच चालायचं.

करून बघणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी ‘सीयू’ ही आज्ञा वापरून हाताने फोन लावा. समोरचा लॉगिन दिसला की तार, मोडेम आणि नंबर बरोबर आहेत हे कळतं. मगच यूयूसिकोला बोलवा, आणि पहिल्यांदा ‘एक्स ९’ देऊन, म्हणजे तो दारावरचा सगळा संवाद तुमच्यासमोर वाचून दाखवेल. फोन फसला आणि लगेच पुन्हा लावायला गेलात तर ‘अजून वेळ झाली नाही’ असं उत्तर येईल. तो बिघाड नव्हे. फसलेल्या फोननंतर तो मुद्दाम थोडा थांबतो, नाहीतर एंगेज नंबरवर रात्रभर डोकं आपटत बसला असता. ‘साधन कुलूपबंद’ असं म्हणाला तर आधी कुणी ते मोडेम खरंच वापरत नाही ना, हे बघा. कुणी नसेल, तर मध्येच वीज जाऊन मागे राहिलेली कुलूपफाइल शोधून काढून टाका.

जुनं यंत्र नसलं तरी हरकत नाही. इयन लान्स टेलर यांनी १९९१मध्ये लिहिलेली यूयूसीपीची मोफत आवृत्ती आजच्या लिनक्सवरही बसते. दोन लॅपटॉप एका तारेने जोडून सरावाला बसा. ब्राझीलमध्ये अमेझॉनच्या जंगलातल्या वस्त्यांसाठी ‘हर्मीस’ नावाची व्यवस्था उभारली आहे, तिथे शॉर्टवेव्ह रेडिओवरून संदेश नि आवाजाच्या फाइली जातात, त्या यूयूसीपीच्याच रांगेतून. टॉवर नाही, तार नाही, हवामान बिघडलं की रेडिओही नाही. पण रांग थांबून राहते.

जोडणी झाल्यावर पहिल्या रात्री जागत बसू नका. सकाळी चहा घेताना ‘यूयूलॉग’ उघडा. रात्रीच्या फोनची वेळ, शेजाऱ्याचं नाव आणि पत्रं गेल्याची नोंद दिसली की मग ‘यूयूस्टॅट’ने रांग पाहा. ती रिकामी असली पाहिजे.