सायकल मिळाली, सावलीचे काय?

मागास तालुक्यांतील मुलींची शाळा अंतरामुळे सुटू नये, म्हणून राज्य शासन त्यांना सायकलीसाठी अनुदान देते. मानव विकास कार्यक्रमातील ही योजना बुलढाणा जिल्ह्यातही राबविली जाते. किती मुलींना लाभ मिळाला, किती रक्कम खर्ची पडली, याचे आकडे बैठकांतून मांडले जातात. परंतु मिळालेली सायकल दुसऱ्या पावसाळ्यानंतर कोणत्या अवस्थेत असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ग्रामीण भागातील घरांत माणसांनाच जागा अपुरी असते. सायकल रात्री अंगणात आणि दिवसा शाळेच्या मैदानात, अशी दोन्ही वेळा आभाळाखालीच उभी असते. ऊन, पाऊस आणि दमट हवा तिचे आयुष्य किती कमी करतात, यावर योजनेचे यशापयश बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

एकदाच मिळणारी संधी

मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार 2011 मध्ये राज्यातील 22 जिल्ह्यांमधील 125 तालुक्यांपर्यंत करण्यात आला. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अर्थसाहाय्य, तर त्याहून दूरच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या, अशी तिची साधारण रचना आहे. सायकलीचे अनुदान पूर्वी साडेतीन हजार रुपये होते. 2022 मध्ये ते पाच हजार रुपये करण्यात आले. रक्कम थेट बँक खात्यात जमा होते आणि सायकल कुटुंबाने बाजारातून घ्यावयाची असते.

या योजनेतील एक अट महत्त्वाची आहे. आठवी ते बारावीच्या काळात हे अनुदान एकदाच मिळते. म्हणजे आठवीत घेतलेल्या सायकलीने निदान चार वर्षे साथ द्यावी, हे यात गृहीत आहे. शाळा पाच किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन रोजचे अंतर दहा किलोमीटर होते. वर्षाला 220 दिवस शाळा धरली, तर एका वर्षात 2200 आणि चार वर्षांत 8800 किलोमीटर. साध्या, मजबूत सायकलीला एवढा पल्ला जड नाही. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की सायकल दिवसाकाठी जेमतेम तासभर चालते आणि उरलेले तेवीस तास उभी असते. तिची झीज वापरण्याने जेवढी होते, त्यापेक्षा अधिक उघड्यावर उभे राहण्याने होते.

सायकलीने मुलींच्या शिक्षणात किती फरक पडतो, याचा पुरावा बिहारने दिला आहे. तेथे 2006 मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास करून 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळेत वयानुरूप नाव दाखल असणाऱ्या मुलींचे प्रमाण योजनेमुळे 32 टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील दरी 40 टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. शाळा तीन किलोमीटर वा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष ठळक होता. याचा अर्थ उलट दिशेनेही लावता येतो. दूरच्या गावातील मुलीची सायकल निकामी झाली, तर तिला शाळेपर्यंत नेणारा आधारच निखळतो. महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाले होते, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसून आले. शाळा सुटलेल्या मुलीच्या घरात लग्नाचा विषय लवकर निघतो, हे ग्रामीण भागात नवे नाही.

घाटावर पाऊस, घाटाखाली ऊन

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके बोलीभाषेत घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भागांत विभागले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हे तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी भागात येतात. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे पूर्णा नदीच्या सखल खोऱ्याकडचे. खोऱ्यात मे महिन्यात पारा 43-44 अंशांच्या घरात जातो. पावसाळ्यात सर्वत्र काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि अंगणात पाय ठेवणेही कठीण होते.

याखेरीज घाटाखालच्या तालुक्यांना आणखी एक उपद्रव आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट आहे. पिण्याच्या पाण्याच्या अंगाने या प्रश्नाची चर्चा अनेक वर्षे होत आली. परंतु लोखंडालाही हे पाणी मानवत नाही. चिखलाने भरलेली सायकल बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतली आणि तशीच वाळू दिली, की पाणी उडून जाते आणि क्षार सांध्यांत शिल्लक राहतात. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. क्षार असले की त्याचा वेग वाढतो. ज्या कुटुंबाने काळजीपोटी सायकल धुतली, त्याचीच सायकल लवकर गंजावी, असा हा प्रकार आहे.

शाळेच्या वेळापत्रकाचाही संबंध येथे येतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. परिणामी वर्षातील सर्वांत कडक ऊन आणि मृगाचे पहिले पाऊस या दोन्ही काळांत सायकल न वापरता अंगणात पडून असते. चालती सायकल रोज पुसली जाते, हवा भरली जाते, कुरकुर ऐकू आली की तेल मिळते. पडून असलेल्या सायकलीकडे कोणाचे लक्ष नसते.

नुकसान कोठे आणि कसे होते?

उन्हाचा पहिला फटका रबराला बसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी टायरच्या कडांना बारीक चिरा पडतात. हवा उतरलेली असेल तर सायकलीचा भार दुमडलेल्या कडांवर येतो आणि त्या चिरा वाढतात. ट्यूबला पंक्चर काढताना चिकटविलेली ठिगळे सततच्या उष्णतेने सैल होतात. ब्रेकचे रबर कडक होते, सीटचे आवरण तडकते आणि चेनला दिलेले तेल सुकून त्यावर धुळीचा थर बसतो.

पावसाचे काम अधिक चोरपावलांनी चालते. चेनच्या कड्यांमध्ये पाणी शिरले की काही दिवसांतच ती ताठर होते. चाकांच्या आसात आणि पॅडलच्या मधल्या आसात असलेले छर्रे ग्रीसच्या आवरणात फिरतात. ग्रीस वाहून गेले की छर्रे आणि कप एकमेकांना खातात. स्पोक रिमला जेथे जोडलेले असतात ती टोके गंजून जाम होतात, मग चाकाचा आउट काढणे अशक्य होते आणि एकामागून एक स्पोक तुटू लागतात. सीटखालच्या नळीतून उतरलेले पाणी फ्रेमच्या तळाशी साचते. तेथे निचऱ्यासाठी छिद्र नसेल किंवा ते चिखलाने बुजलेले असेल, तर फ्रेम आतून गंजते आणि बाहेरच्या रंगावरून त्याचा पत्ता लागत नाही.

यात सुरक्षेचा भागही आहे. स्वस्त सायकलींच्या लोखंडी रिमवर ओल्या हवेत ब्रेकची पकड मुळातच कमी होते. त्यात रबर कडक झालेले आणि ब्रेकची तार गंजून अडकणारी असेल, तर घाटउताराच्या रस्त्यावर सायकल थांबविणे मुलींच्या हातात राहत नाही.

जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पुराचे पाणी गावांत शिरले होते. अशा आपत्तीत पंचनामा घर, पीक आणि जनावरांचा होतो, आणि तो तसा होणे योग्यच आहे. पाण्यात बुडालेली सायकल मात्र वरवर धडधाकट दिसते. तिच्या आसात बसलेला गाळ आठवडाभरात साफ केला नाही, तर ती महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते.

झाकणे पुरेसे नाही

सायकल वाचविण्यासाठी तिच्यावर प्लॅस्टिक वा ताडपत्री गुंडाळणे हा सर्वत्र दिसणारा उपाय आहे. तो अर्धाच बरोबर आहे. चारही बाजूंनी घट्ट आवळलेल्या प्लॅस्टिकखाली जमिनीतील ओल वर येते, दिवसा तिची वाफ होते आणि रात्री तीच थेंबांच्या रूपाने धातूवर उतरते. आभाळातील पाणी अडले, तरी सायकल आतल्या आत ओली राहते. वर छप्पर आणि बाजूंनी मोकळी हवा, ही खरी गरज आहे. आवरण घालावयाचेच असेल, तर ते खालून मोकळे सोडावे आणि पाऊस उघडला की काढून ठेवावे.

भिंतीलगत बांबूंवर टाकलेली दोन टिनपत्रांची उतरती छपरी या कामाला पुरेशी होते. चाकांखाली फरशीचे तुकडे किंवा विटा ठेवल्या, की काळ्या मातीतील ओल चाकांपर्यंत पोचत नाही. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणे ही जुनी युक्ती आजही उपयोगाची आहे. सुटी लागताना चेन रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने साफ करून प्रत्येक कडीवर तेलाचा थेंब सोडावा आणि वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. न पुसलेले तेल धूळ धरते. गाडीचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून ओतले जाते, पण त्यातील धातूचा कीस आणि काजळी चेनला झिजवितात. शाळा सुरू होण्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर आसांना नवे ग्रीस, दर पंधरा दिवसांनी टायरमध्ये हवा, भिजलेली सायकल कोरड्या फडक्याने पुसणे आणि खारे पाणी वापरलेच तर शेवटी तांब्याभर गोडे पाणी ओतून लगेच पुसून घेणे, एवढ्यावर बहुतेक काम भागते. यातील बहुतेक कामे सायकल चालविणारी मुलगी स्वतः करू शकते. सायकलीसोबत ती शिकविली जात नाहीत, एवढीच अडचण आहे.

नेदरलँड्समध्ये पाऊस वर्षभर पडतो आणि बहुसंख्य सायकली तेथेही रस्त्यावरच उभ्या असतात. त्या टिकतात याचे एक कारण त्यांच्या बांधणीत आहे. पारंपरिक डच सायकलीची चेन पूर्ण बंद आवरणात असते आणि ब्रेक चाकाच्या आसात बसविलेला असतो. भारतातील जुन्या काळ्या सायकलींनाही बंद चेनकव्हर मिळत असे. पाच हजारांच्या आसपास मिळणाऱ्या आजच्या अनेक सायकलींना अर्धी पट्टीच असते. दुसरे कारण सार्वजनिक व्यवस्थेचे आहे. उट्रेख्त शहराच्या रेल्वे स्थानकाखाली 2019 मध्ये पूर्ण झालेल्या वाहनतळात साडेबारा हजार सायकली छताखाली राहतात. बुलढाण्यातील गावशाळेला असे काही उभारावयाचे नाही. परंतु वापर वाढवायचा तर उभे राहण्याची जागाही द्यावी लागते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

शाळेच्या आवारातील त्रुटी

घरी छपरी घालणे कुटुंबाच्या हाती आहे. शाळेच्या आवाराचे तसे नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शाळेसाठी वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची शेड, मैदान आणि कुंपण यांची यादी आहे. सायकल उभी करण्याच्या जागेचा तीत उल्लेख नाही. सायकल योजनेचे अनुदानही सायकलीपुरतेच आहे. शासनाच्या एका हाताने सायकल द्यावी आणि दुसऱ्या हाताखालील शाळेत ती रोज सहा तास उन्हापावसात उभी राहावी, ही विसंगती त्यातून निर्माण झाली आहे. दुपारच्या उन्हात तापलेल्या सायकली झाडाखाली लावण्याची धडपड मुली करतात. पण वर्षभर सावली देणारे झाड प्रत्येक शाळेत नसते.

लोखंडी पाइपांवर टिनपत्रे टाकून, खाली मुरूम व फरशी घालून उभारलेली शेड हे काही मोठे बांधकाम नव्हे. जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि माजी विद्यार्थी यांपैकी कोणीही पुढाकार घेतला तरी ते होण्याजोगे आहे. वर्षातून दोनदा, शाळा उघडताना आणि दिवाळीनंतर, गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला शाळेत बोलावून तेल-ग्रीसचा दिवस ठेवला, तर त्यालाही काम मिळेल आणि मुलींनाही हे काम शिकता येईल.

शहरांतील वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. करोनाच्या साथीत हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली आज सोसायट्यांच्या वाहनतळाच्या कडेला गंजत उभ्या आहेत. फरक एवढाच, की शहरात सायकल बिघडली तर व्यायाम चुकतो. संग्रामपूर किंवा लोणारच्या खेड्यात ती बिघडली, तर मुलीची शाळा चुकते.

योजनेचे मूल्यमापन करताना वाटलेल्या सायकलींच्या संख्येइतकाच आणखी एक आकडा मागविला गेला पाहिजे. आठवीत घेतलेल्या किती सायकली अकरावीत चालू स्थितीत होत्या, हा तो आकडा. तो एकदा अहवालात येऊ लागला, की शेडच्या पत्र्यांसाठी निधी कोणत्या शीर्षाखाली टाकावा, याची वाट यंत्रणेला आपोआप सापडेल.