हजेरीपट कोणाच्या हाती?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. लोकांची माहिती बाळगणाऱ्यांवर जी मुख्य बंधने घालावयाची, ती अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. याच कायद्याच्या एका पोटकलमाने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात फेरफार केला आहे; तो फेरफार मात्र त्याच वेळी लागू झाला. नागरिकास ढाल मिळावयाची ती दीड वर्षाने, आणि त्याच्या हातची काठी जावयाची ती तत्काळ, असा हा क्रम आहे. या कायद्याचे खरे स्वरूप समजून घ्यावयाचे तर त्याच्या कलमांबरोबर इतर देशांकडेही पाहणे अवश्य आहे; कारण संगणकावर एखाद्या देशाने कोणती बंधने घातली आणि कोणती घातली नाहीत, यावरून त्या देशास कशाची भीती वाटते हे कळून येते.

संगणक सर्वत्र एकच आहे. टोकियोत जो चालतो तोच बर्लिनमध्ये आणि तोच बुलढाण्यात चालतो. तथापि त्याचा संसार देशोदेशी निराळा असतो. जपानचे उदाहरण घ्या. ज्या देशाच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू जगातील घराघरांत पोहोचल्या, त्याच देशाच्या कचेऱ्यांत फॅक्सचे यंत्र आणि कागदावर उमटवावयाचा नाममुद्रेचा शिक्का यांचे राज्य एकविसाव्या शतकातही चालू राहिले. सरकारास माहिती फ्लॉपीसारख्या साधनांवर सादर करावी असे सांगणारे एक हजाराहून अधिक नियम तेथे होते. २०२१ साली स्थापन झालेल्या डिजिटल खात्यास ते मोडीत काढावयास २०२४ साल उजाडले. जपानी माणसास नवे यंत्र चालविता येत नव्हते असे कोण म्हणेल? परंतु शिक्क्यात जबाबदारीची साक्ष पाहण्याची त्या समाजाची रीत होती आणि नियमांनी त्या रीतीस कुंपण घातले होते. रीत आणि नियम यांनी एकमेकांचा हात धरला की यंत्रास दाराबाहेर ताटकळावे लागते.

जपानात जुन्या सवयीने यंत्रास अडविले. जर्मनीत जुन्या जखमेने. १९३३ व १९३९ च्या जर्मन जनगणनांची मोजदाद भोके पाडलेल्या कार्डांवर, यंत्रांच्या साहाय्याने झाली होती. १९३९ च्या गणनेत तर प्रत्येकाच्या आजी-आजोबांपैकी ज्यू कोण होते, हेही विचारण्यात आले. माणसांची अशी वर्गवारी करणाऱ्या राजवटीने पुढे काय केले हे जगास ठाऊक आहे. युद्धानंतर देशाच्या पूर्व भागात गुप्त पोलिसांनी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याची आणि मित्राकडून मित्राची माहिती काढून कपाटेच्या कपाटे भरली. या अनुभवातून गेलेल्या लोकांना सरकारी तक्त्यातील रिकामा रकाना निरुपद्रवी वाटत नाही. माहितीच्या संरक्षणाचा जगातील पहिला कायदा १९७० मध्ये जर्मनीच्या हेसे प्रांताने केला, तो याच कारणाने. पश्चिम जर्मनीत १९८३ मध्ये जनगणना जाहीर झाली तेव्हा लोकांनी तीव्र विरोध केला. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी तेथील घटना न्यायालयाने निर्णय दिला, की आपली माहिती कोणी व कोणत्या कारणासाठी वापरावी हे ठरविण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचा आहे. गणना अखेर १९८७ मध्ये झाली, ती कायदा दुरुस्त केल्यानंतर. पुढे २०१० मध्ये गूगल कंपनीने तेथील रस्त्यांची छायाचित्रे नकाशावर आणली, तेव्हा सुमारे अडीच लाख कुटुंबांनी आपले घर त्यात अस्पष्ट करावयास लावले. २०१८ पासून साऱ्या युरोपीय संघात लागू असलेल्या माहिती संरक्षणाच्या कायद्यात ही जर्मन स्मृती स्पष्ट दिसते. मोठ्या अपराधास कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड करण्याची त्यात तरतूद आहे आणि मे २०२३ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीस १२० कोटी युरोंचा दंड होऊन ती तरतूद कागदावरची नाही हेही सिद्ध झाले आहे.

अमेरिकेची भीती निराळी आहे. तेथील नागरिकास सरकारने तोंड दाबण्याची भीती अधिक. व्यापाऱ्याने पाळत ठेवण्याची कमी. १९९६ च्या कायद्यातील २३० व्या कलमाने इंटरनेटवरील मजकुराची जबाबदारी तो लिहिणाऱ्यावर ठेवली आणि तो वाहून नेणाऱ्या कंपनीस बहुतांशी मोकळे केले. आज जगावर राज्य करणाऱ्या अमेरिकन कंपन्या या सावलीत वाढल्या. खासगी माहितीच्या रक्षणाचा सर्वव्यापी कायदा मात्र त्या संघराज्याने अद्याप केलेला नाही. एका न्यायाधीशाने भाड्याने आणलेल्या चित्रफितींची यादी १९८७ मध्ये वर्तमानपत्रात छापली गेली, तेव्हा पुढच्याच वर्षी तेवढ्यापुरता कायदा झाला. जेथे बोट भाजले तेथे पट्टी, असा तो प्रकार आहे.

चीनने तिसराच मार्ग धरला. तेथे राज्यकर्त्यांस अव्यवस्थेची भीती वाटते, आणि ती त्यांनी प्रजेची म्हणून जाहीर केली आहे. परदेशी संकेतस्थळांस तेथे भिंत आडवी येते. गूगलने २०१० मध्ये आपला शोध सेन्सॉर करण्याचे नाकारले आणि चीनच्या मुख्य भूमीवरील ती सेवा बंद केली. भिंतीच्या आत वुईचॅटसारख्या देशी कंपन्या प्रचंड वाढल्या. लोकांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा चीननेही २०२१ मध्ये केला आणि तो कंपन्यांच्या बाबतीत कठोर आहे. परंतु सरकारी पाळतीपुढे त्या कायद्याची मात्रा चालत नाही. ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

चौथे उदाहरण एस्टोनिया या चिमुकल्या देशाचे. सुमारे तेरा लाख वस्तीचा हा देश १९९१ मध्ये सोव्हिएत अमलाखालून मुक्त झाला. सरकारी खात्यांची दप्तरे परस्परांशी जोडणारी यंत्रणा त्याने २००१ मध्ये उभारली, २००२ पासून नागरिकांस डिजिटल ओळखपत्रे दिली आणि २००५ मध्ये इंटरनेटवरून मतदान घेतले. आपल्या आधारप्रमाणे तेथेही प्रत्येकास क्रमांक आहे. जर्मन नागरिक ज्यास बिचकतो ते सारे एस्टोनियन नागरिक बिनदिक्कत वापरतो. तो इतका निर्धास्त का? कारण आपली माहिती कोणत्या खात्याने केव्हा पाहिली, याची नोंद त्यास घरबसल्या पाहता येते आणि जाब विचारता येतो. सरकार त्याच्याकडे पाहते, पण तोही सरकारकडे पाहतो. तेथील विश्वासाचा पाया या दुहेरी दृष्टीत आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे काही विद्वान सांगतात, की खासगीपण ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, चाळीत आणि वाड्यात वाढलेल्या आपल्या समाजास तिचे काय? हे म्हणणे आम्हांस सपशेल अमान्य आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असे म्हणणाऱ्या समाजास झाकण्याचे मोल कळत नव्हते काय? शेजारणीने चुलीपाशी ऐकलेले आणि दप्तरात कायमचे नोंदलेले यांतील भेद आपल्या आजीस पुरता ठाऊक होता.

आणि स्मृतीचेच म्हणाल तर जर्मनांसारखी स्मृती आपणांसही आहे. फक्त ती आपण अडगळीत टाकली आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होईल असा विस्तारला. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या लोकांची नावे नोंदवहीत, बोटांचे ठसे कागदावर, आणि हजेरी पोलिसापुढे! सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना ही नोंदवही काय होती हे कोणी शिकवावयास नको. हा कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारध्याच्या पालावर पडणारी संशयाची सावली अजून हटलेली नाही. आम्ही अनेक वर्षे वर्गात हजेरी घेतली आहे. शाळेच्या हजेरीपटावर नाव असणे हा मुलाचा मान असतो आणि सेटलमेंटच्या हजेरीपटावर नाव असणे हा त्याच्या बापाचा अपमान असे. रकाने दोन्हीकडे तेच, शाई तीच. भेद एवढाच, की वही कोणाच्या हाती आहे आणि तिच्याबद्दल जाब कोण विचारू शकतो.

दुर्दैव असे, की स्वतंत्र भारताने या बाबतीत प्रजेची स्मृती टाकून राज्यकर्त्याची सवय उचलली. लोकांचे संदेश अडविण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याने परक्या सरकारास दिला होता. तो स्वराज्यात टिकला, १९७५ ची आणीबाणी पाहून झाल्यावरही टिकला, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्यास नवे घर मिळाले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले ६६ अ हे कलम याच सवयीचे अपत्य. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी एक तरुणी आणि त्यास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना आपल्याच पालघरात अटक झाली, त्यात हेही कलम वापरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. २०१७ मध्ये, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने ठरविले. तत्पूर्वी त्याच न्यायालयात केंद्र सरकारने तो मूलभूत हक्क नाही अशी बाजू मांडली होती. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि अखेरीस आजचा कायदा आला.

या कायद्यात चांगले काही नाही असे आम्ही म्हणत नाही. संमतीशिवाय माहिती घेऊ नये, काम संपताच ती पुसून टाकावी, फुटल्यास संबंधितास कळवावे, हे दंडक योग्यच आहेत. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, हेही ठीक. परंतु हा दंड सरकारी तिजोरीत जावयाचा. ज्याची माहिती फुटली त्यास भरपाईची तरतूद या कायद्यात नाही, आणि जुन्या कायद्यात जे भरपाईचे कलम होते तेही वगळावयाचे ठरले आहे. उलट नागरिकाने आपली कर्तव्ये मोडल्यास त्यासच दहा हजार रुपयांपर्यंत दंड! निवाडा करणाऱ्या मंडळाचे सदस्य नेमावयाचे केंद्र सरकारने. आणि सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या कोणत्याही यंत्रणेस या साऱ्या कायद्यातून मोकळे करण्याचा अधिकारही केंद्र सरकारासच. सुरक्षेसाठी सवलत युरोपातही आहे. पण तेथे ती आवश्यक व प्रमाणशीर असली पाहिजे अशी अट आहे. आपल्या या कलमात ती अट नाही. कंपन्यांस कडक, सरकारास सैल, हे वर्णन वाचकांनी याच लेखात अगोदर कोठे वाचले ते आठवावे.

आता माहितीच्या अधिकाराची गोष्ट. राजस्थानातील खेड्यांत १९९० च्या दशकात सरकारी कामावरील मजुरांचे मस्टर गावापुढे मोठ्याने वाचले गेले, आणि कामावर कधीच न आलेल्या माणसांची हजेरी लागलेली लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकली. केंद्राचा कायदा २००५ चा. त्यापूर्वीच महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा केला होता, आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. रोजगार हमीचा जन्म ज्या राज्यात झाला, त्यास मस्टरवरील खोट्या नावांचे प्रकरण अपरिचित नाही. जुन्या कलमानुसार सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे, आणि व्यापक लोकहित असल्यास तीही द्यावी लागे. संसदेस जी नाकारता येत नाही ती नागरिकासही नाकारू नये, असेही त्यात लिहिले होते. नव्या फेरफाराने या साऱ्या अटी जाऊन नुसते ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द उरले. लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे दुसरे कलम कायम आहे, असे सरकार सांगते, आणि ते खरे आहे. परंतु मस्टरवरील नाव, लाभार्थीचे नाव, देयकावर सही करणाऱ्याचे नाव, ही सारी वैयक्तिक माहिती आहे असे म्हणावयास कारकुनास एक ओळ पुरे. ती ओळ खोडून काढण्यासाठी नागरिकास अपिलाचे उंबरठे झिजवावे लागतील.

म्हणून आमचे सरकारास तीन गोष्टींचे सांगणे आहे. माहितीच्या अधिकारातील जुने शब्द जसेच्या तसे परत आणावेत. सरकारी यंत्रणांस सूट द्यावयाची तर कारण, मुदत आणि न्यायालयीन देखरेख यांच्या अटीवर द्यावी. आणि आपल्या नोंदी कोणत्या खात्याने केव्हा उघडल्या हे नागरिकास पाहता यावे. आधारच्या पडताळणीचा इतिहास पाहण्याची सोय आज आहे. तीच इतर खात्यांच्या दप्तरांपर्यंत नेणे या देशातील अभियंत्यांस जड नाही. अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

इंग्रजाने लिहिलेल्या नोंदवहीत आपल्या आजोबांचे नाव होते आणि ती वही पाहण्याचा त्यांना अधिकार नव्हता. नातवाची नोंदवही विजेवर चालते. ती उघडून पाहण्याचा अधिकार त्यास नसेल, तर त्याच्यासाठी मधल्या काळात काय बदलले याचे उत्तर दिल्लीने द्यावे.