‘पाच मिनिटांत येतो’ म्हणण्याआधी

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या गाड्या कोकणाकडे निघतात. हल्ली मागच्या सीटवर मुलांच्या शेजारी घरातला कुत्राही असतो. त्याला कुणाकडे ठेवण्यापेक्षा सोबत नेणारी ही माणसे मायाळूच म्हणायला हवीत. अडचण येते ती वाटेत. नाश्त्यासाठी गाडी थांबते, हॉटेलात कुत्र्याला घेत नाहीत. मग काच बोटभर खाली करून, ‘पाच मिनिटांत येतो हं’ असे त्याला सांगून सगळे उतरतात. त्या पाच मिनिटांची पंचवीस कधी होतात, ते कळत नाही.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत काचेतून ऊन शिरते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि कोंडलेली हवाही तापत जाते. २००५ मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा गाड्यांच्या तापमानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३५ अंश असेल, तर चहा संपेपर्यंत गाडीची भट्टी झालेली असते.

माणसाचे अंग घामाने निवते. कुत्र्याच्या घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांवर असतात, त्यांचा उपयोग अगदी थोडा. त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन उडतो आणि अंगातली उष्णता घेऊन जातो. पण बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होते, ओलावा उडेनासा होतो आणि नुसती दमणूक उरते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि आतड्यांना इजा होऊ लागते. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापा टाकणेही धड जमत नाही.

‘आमच्याला गाडीची सवय आहे’, असे अनेक जण सांगतात. सवयीने भीती जाते, शरीराची रचना बदलत नाही. एसी चालू ठेवून जाण्यातही धोका आहेच. इंजिन बंद पडले, तर आतल्या जिवाला ते सांगता येत नाही.

कायद्याचा धाक म्हणावा, तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तेव्हा हा प्रश्न कायद्यावर सोडून चालणार नाही. तो निघण्याआधी घरातच सोडवायला हवा. प्रत्येक थांब्यावर कुत्र्याला घेऊन सावलीत कोण थांबणार, हे आधी ठरवावे. आळीपाळीने खाल्ल्याने कुणाचे बिघडत नाही. गाडीत माणूस एकटाच असेल आणि वाटेत उतरावे लागणार असेल, तर उन्हाळ्यात कुत्र्याला घरीच ठेवावे. तो दारात रुसून बसेल, पण संध्याकाळी शेपूट हलवत सामोरा येईल.

आणि चूक झालीच तर? जोराची धाप, तोंडातून गळणारी दाट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, लटपटणारे पाय ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी त्याला लगेच सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि एसी लावून तडक पशुवैद्याकडे न्यावे. तो सावरल्यासारखा वाटला, तरी तपासणी टाळू नये. आत झालेली इजा कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

कुत्र्याला ‘पाच मिनिटे’ म्हणजे काय ते समजत नाही. बंद काचेआड तो फक्त वाट पाहत राहतो. घड्याळ पाहण्याची जबाबदारी माणसाची आहे.