दुसऱ्याच्या खात्यातले बळी

मुलतानच्या कसोटीत २९ मार्च २००४ रोजी राहुल द्रविडने सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद असताना डाव घोषित केला आणि आपल्या क्रिकेटभक्तांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा धावांसाठी केवढा हा आक्रोश! चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत जो तो स्वतःच्या घरावर दरोडा पडल्याच्या आवेशात बोलत होता. तो सामना भारताने एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. पाकिस्तानात मिळालेला आपला तो पहिलाच कसोटी विजय. पण स्मरणात राहिले ते हुकलेले द्विशतक. सचिनने आपली निराशा लपवली नाही, हे खरे. मात्र दुसऱ्या दिवशी, खेळाच्या अखेरच्या चेंडूवर मोईन खानचा त्रिफळा उडवला तो त्यानेच. तो चेंडू किती जणांना आठवतो?

विक्रम हीही देशाचीच शान, असे कोणी म्हणेल. अवश्य! त्याच डावात सेहवागने ३०९ धावा केल्या, त्याचे कौतुक कोणाला नाही? पण विक्रमासाठी सामना की सामन्यासाठी विक्रम, याचा निवाडा करण्याची वेळ आली की आपण डगमगतो. संघभावनेवर व्याख्याने झोडणारा आपला सुशिक्षित मध्यमवर्ग मैदानावरून परतलेल्या मुलाला आधी विचारतो, "तू किती काढल्यास?" संघाचे काय झाले, हे नंतर, कित्येकदा तेही नाही. मग तेच पोर नव्वदीत पोहोचल्यावर स्वतःपुरते खेळू लागले, तर दोष कोणाचा?

अशा वेळी एकनाथ सोलकर आठवतो. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कष्टकरी बापाचा हा मुलगा. २७ कसोटी सामने, शतक एकच, बळी अवघे १८. आकड्यांच्या बाजारात या मालाला गिऱ्हाईक नाही. पण बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांची फिरकी सुरू झाली की हा गडी फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी पुढ्यात ओणवा उभा राही. डोक्यावर हेल्मेट नाही; ते तेव्हा क्रिकेटमध्ये आलेच नव्हते. फटका चुकवायला क्षणाचीही उसंत मिळू नये, असे ते अंतर! तरी डोळे चेंडूवरून हलत नसत. कारकिर्दीत ५३ झेल, म्हणजे सामन्यागणिक जवळजवळ दोन.

ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत सहा गडी टिपले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, हे शाळकरी पोरही सांगेल. पण पहिल्या डावात ९० धावा करून आपल्याला छळणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावात एका धावेवर परतला, तो सोलकरने जमिनीलगत झेपावून घेतलेल्या झेलामुळे. बळी जमा झाला वेंकटराघवनच्या खात्यात. चारित्र्य, चारित्र्य म्हणून ज्याचा आपण उठता-बसता जप करतो, ते अंगावर जखमा झेलून दुसऱ्याचे खाते भरणाऱ्या या माणसात होते. २००५ च्या जून महिन्यात तो गेला.

आपल्या शाळांच्या बक्षीस समारंभांत उत्कृष्ट फलंदाजाला चषक मिळतो, गोलंदाजाला मिळतो. शॉर्ट लेगला उभे राहण्यासाठी जो मुलगा न सांगता पुढे होतो, त्याच्यासाठी कोणत्या संस्थाचालकाने आजवर चषकांचे कपाट उघडले आहे?