व्यसनमुक्तीच्या दप्तरातील रिकामा रकाना

पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि त्याच्या आसपासच्या गावांविषयी 'जमिनीचा मोबदला आला आणि दारूत गेला' हे वाक्य पनवेलच्या बाजारपेठेपासून मंत्रालयापर्यंत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, १९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको स्थापन झाल्यावर या पट्ट्यातील भातखाचरे व मिठागरे कशी गेली, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व कसे पदरात पडले, हा सारा इतिहास त्या एका वाक्याखाली गाडला जातो. दारू गव्हाणात आहे तशी ती दादर-पार्ल्यातही आहे. फरक असलाच तर उपचार किती दूर आहेत एवढाच. केंद्र सरकारने एम्सकरवी करविलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूच्या अधीन झालेल्या दर ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो, असे आढळले.

तेव्हा केंद्रे वाढावीत ही मागणी रास्तच आहे. मात्र त्या केंद्रांत रुग्णासमोर बसणारा जो समुपदेशक, त्याच्या कामाकडे जाणत्या नजरेने पाहणारे कोणी नेमले आहे काय, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत क्वचितच निघतो. तपासणी म्हटली की खाटा, स्वच्छतागृहे, हजेरीपत्रक आणि औषधांचा साठा यांवर शेरे पडतात. बंद दाराआड रुग्णाशी काय बोलणे झाले, याची रुजवात कोणी घालीत नाही.

या क्षेत्राचा आपल्याकडचा मोठा वारसा म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. १९८६ च्या ऑगस्टमध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ते सुरू केले, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे तेथेच कार्यकर्ते म्हणून उभी राहू लागली. 'मीही यातून गेलो आहे' या चार शब्दांनी जे दार उघडते ते पदवीने उघडत नाही, हे निर्विवाद होय. परंतु स्वानुभव हा जितका समर्थ तितकाच एकांगी गुरू आहे.

एक प्रसंग कल्पून पाहावा. दाखल झाल्याच्या तिसऱ्या रात्री एक प्रौढ गृहस्थ चादरीवरून न दिसणारे किडे झटकू लागतात, घामाने भिजतात, बायकोलाही ओळखीत नाहीत. ती धावत येऊन म्हणते, "दादा, यांना काय झालंय बघा ना!" ड्युटीवरचा समुपदेशक एकेकाळचा गर्दुल्ला, त्याने स्वतः टर्की, म्हणजे गर्द तुटल्यावरची तगमग, सोसलेली, ती यातनामय असली तरी सहसा जीवघेणी नसते हे त्याला अंगाने ठाऊक. तो धीर देतो, "सहन करा, दोन दिवसांत उतरेल." येथे त्याचा अनुभवच त्याला दगा देतो, कारण दारू तुटल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास उद्भवणारा हा वाताचा झटका वेळीच औषधोपचार न झाल्यास प्राण घेऊ शकतो, आणि अशा वेळी धीर देण्याआधी डॉक्टरला उठवायचे असते. शेवटचा घोट केव्हा घेतला, पूर्वी कधी झटके आले होते काय, बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले काय, हे प्रश्न त्याला कोणीतरी आठवड्यामागून आठवडे विचारीत राहिले असते, तर ते त्या रात्री त्याच्या ओठांवर आपोआप आले असते.

शिबिरे भरवून हे काम भागते, असा आपल्या खात्यांचा जुना समज आहे. अमेरिकेत विल्यम मिलर व सहकाऱ्यांनी १४० व्यसनोपचार-कर्मचाऱ्यांना संभाषणाची एक पद्धती शिकविली आणि त्यांच्या प्रत्यक्ष मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकले. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, शिबिरानंतर कामावर अभिप्राय व मार्गदर्शन मिळालेल्यांचे कौशल्य अधिक वाढले, आणि आपण किती निपुण आहो याविषयी कर्मचारी स्वतः जे सांगत होते त्याचा ध्वनिफितीतील निपुणतेशी काही संबंध आढळला नाही. म्हणजे 'काम कसे चालले आहे?' असे विचारून 'उत्तम' हे उत्तर वहीत टिपणे, हे पर्यवेक्षण नव्हे. रुग्णाच्या संमतीने प्रत्यक्ष संवाद ऐकावाच लागतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रेही नोंदणीच्या कक्षेत आली. ही नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाने आणि अनुदान देणाऱ्या खात्याने एक रकाना वाढवावा: प्रत्येक समुपदेशकाचे काम कोण ऐकते, आणि मागच्या महिन्यात ते कितीदा ऐकले. पर्यवेक्षक शक्यतो वेतन व रजा मंजूर करणारा नसावा. कारण ज्याच्या हाती आपली नोकरी आहे त्याच्यासमोर 'काल मलाच प्यावेसे वाटले' असे कोणता कर्मचारी कबूल करील? लहान संस्थेला स्वतंत्र माणूस परवडणार नाही, ही सबब खरी आहे; पण पनवेल-उरणमधील चार-पाच केंद्रांनी मिळून ठाण्या-पुण्यातील एखाद्या अनुभवी मानसोपचारतज्ज्ञाचा आठवड्यातला एक दिवस घेतला, तर त्याचा खर्च अनुदानात न बसण्याइतका भारी नाही. विमानतळ आणि सागरी सेतू यांची तरतूद याच परिसरासाठी झाली, तेव्हा रकमेचा बाऊ करण्याचे कारण नाही.